काम आहे, मजुरी नाही

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बौद्धिक अपंग प्रौढांच्या उपजीविकेच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्रीय नमुना पाहणीचे कर्मचारी घरोघर फिरून प्रत्येक व्यक्तीच्या कामाची नोंद करतात, तेव्हा सांकेतिक आकड्यांची एक यादी त्यांच्याजवळ असते. स्वतःचा व्यवसाय करणारा असेल तर ११, घरच्या शेतीत अथवा धंद्यात विनावेतन हातभार लावणारा असेल तर २१, नियमित पगारी नोकर असेल तर ३१, रोजंदारीवरचा मजूर असेल तर ५१. यादीच्या अखेरीस ९५ हा आकडा येतो. त्याचा अर्थ, अपंगत्वामुळे काम करण्यास असमर्थ. ज्याला कालपरवापर्यंत ‘मतिमंद’ म्हटले जाई आणि आज कायदा ज्याला ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतो, अशा प्रौढ माणसाविषयी विचारले की घरचेच लोक सांगतात, “तो काही करत नाही.” मग त्याच्या नावापुढे ९५ चा आकडा पडतो.

हे उत्तर खरे असते काय? जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या वाडीवर सकाळी जाऊन पाहावे. ज्याच्याविषयी ‘काही करत नाही’ असे सांगितले जाते, तोच गोठ्यातले शेण काढताना, म्हशींना पाण्यावर नेताना, वैरणीचा भारा वाहताना दिसतो. कांद्याच्या वखारीत बसून तो सडका कांदा बाजूला काढतो, टोमॅटोचे क्रेट उचलून टेंपोपर्यंत नेतो. तिशी ओलांडलेली मुलगी आईबरोबर भाताच्या आवणात उतरते, धुणीभांडी करते, भावाची लहान मुले सांभाळते. या श्रमाचा मोबदला म्हणून दोन वेळचे जेवण, सणाला एखादा कपडा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कीव एवढे त्यांच्या वाट्याला येते. त्यांच्या हाताला काम आहे. परंतु त्या कामाला मजुरी नाही, त्याचा कुठे हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणून संरक्षणही नाही. बेकारीच्या नेहमीच्या व्याख्येत हे दुखणे बसत नाही, यास्तव बेकारीवरील नेहमीचे उपायही त्याला लागू पडत नाहीत.

अर्थात, बौद्धिक अपंगत्व असलेले सगळेच लोक काम करू शकतात असा दावा येथे नाही. काहींचे अपंगत्व इतके तीव्र असते की त्यांना अखंड सोबत व शुश्रूषा लागते. त्यांचा पूर्ण भार समाजाने उचलला पाहिजे, याविषयी वाद नको. तसेच, बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन-लेखन वा आकडेमोड जमत नाही अशी अध्ययन-अक्षमता ही वेगळी गोष्ट आहे. २०१६ च्या कायद्याने तिलाही अपंगत्व मानले आहे. येथील विवेचन प्रामुख्याने बौद्धिक अपंग प्रौढांपुरते आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांत सुमारे १५ लाखांची नोंद मतिमंद म्हणून झाली. घरच्यांनी सांगितले तरच नोंद होते आणि सांगण्याची लाज वाटते, हे ध्यानात घेता खरी संख्या याहून मोठीच असणार.

दोन तालुके, दोन अर्थव्यवस्था

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी दोन्ही तालुक्यांचे सरळ दोन भाग पाडले आहेत. पूर्वेकडे पाणी पोहोचले. तेथे ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा, फुले आणि दूध यांची रोकड शेती आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत, नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे, आळेफाट्याचा कांदा आहे, मंचरची बाजारपेठ आहे. सातगाव पठारावर बटाटा आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर समाजांची गावे आहेत. पावसाच्या भरवशावरचा भात, नाचणी, वरई आणि रानातला हिरडा यांवर तेथील संसार चालतो. डिंभ्याचे पाणी ज्यांच्या उंबऱ्याजवळ साठते त्यांचीच माणसे हंगाम संपला की पूर्वेकडच्या बागायतदारांच्या शेतावर मजुरीला उतरतात.

नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी होणारा सौदा काही क्षणांत उरकतो. शेतकऱ्याला चपळ जोड्या हव्या असतात. सांगितलेले एकदा समजत नाही, हात हळू चालतो, अशा माणसाला त्या सौद्यात स्थान नसते. मग आईबापांपुढे दोनच मार्ग उरतात. त्याला बरोबर न्यायचे आणि त्याचे काम आपल्या मजुरीत फुकट जिरवायचे. अथवा एकाने त्याच्यासाठी घरी थांबायचे आणि आपली मजुरी बुडवायची. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बौद्धिक अपंगत्वाची खरी किंमत औषधोपचारात फारशी नसते. ती या बुडालेल्या मजुरीत असते. ती बहुधा आईच्या खात्यावर पडते आणि कोणत्याही योजनेच्या कागदावर दिसत नाही.

पूर्वेकडचा बागायतदार मात्र मजूर मिळत नाहीत अशी तक्रार सतत करत असतो. रोपवाटिकेत ट्रे भरणे, रोपांना पाणी देणे, क्रेट धुणे, फळांची रंगावरून निवड करणे, कांदा निवडणे, दूध संकलन केंद्रावरील भांडी विसळणे ही कामे पुन्हापुन्हा तशीच करायची असतात. ज्याला एक काम नीट शिकवले गेले आहे असा बौद्धिक अपंग प्रौढ हे काम दिवसेंदिवस न कंटाळता करू शकतो. कामाचे लहान लहान टप्पे पाडावेत, एकेक टप्पा पक्का करून घ्यावा आणि मगच पुढे जावे, ही विशेष शिक्षकांची पद्धत आहे. तिला यंत्रसामग्री लागत नाही. धीर लागतो आणि शिकवणाऱ्याचा पगार लागतो.

आपल्याकडे हे शिक्षण नेमके कोठे थांबते तेही पाहिले पाहिजे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली निघाली, पुण्यात कामायनी १९६४ साली. या व अशा संस्थांनी शाळेनंतरच्या कर्मशाळेचा मार्ग शहरात घालून दिला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु विशेष शाळेची व्यवस्था मुख्यतः अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार करते. अठरा पूर्ण झाली की मुलगा घरी परततो, आणि शाळेत जडलेल्या सवयी दोनचार वर्षांत विरून जातात. ज्यांना कर्मशाळा मिळते त्यांनाही पाकिटे, मेणबत्त्या, पणत्या हेच धंदे शिकवले जातात. शहरात दिवाळीच्या सुमारास त्यांना गिऱ्हाईक असते. जुन्नर-आंबेगावात ज्याला बारमाही गिऱ्हाईक आहे तो माल म्हणजे टोमॅटो, कांदा, बटाटा आणि दूध. प्रशिक्षण स्थानिक धंद्याशी जोडले नाही तर ते केवळ वेळ घालवण्याचे साधन होऊन बसते.

कायद्याने दिले किती?

कामाचा हक्क कायद्यात प्रथम आणला तो महाराष्ट्राने. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्या कायद्याचा अंमल सुरू झाला. ज्याला अंगमेहनत करायची आहे अशा प्रौढाला काम नाकारायचे नाही, हे तिचे तत्त्व. पण हमीच्या कामाची मजुरी मोजमापावर ठरे. टोळीने किती माती खोदली यावर टोळीचे पैसे. अशा हिशेबात हळू हाताच्या माणसाला टोळीच सामील करून घेत नाही, कारण त्याच्यामुळे इतरांच्या पोटाला चिमटा बसतो. हमी सर्वांसाठी होती, परंतु मोजपट्टी धडधाकट माणसाची होती.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्याने ही उणीव अंशतः ओळखली. अपंगांना त्यांच्या कुवतीचे काम द्यावे, त्यांच्यासाठी कामाचे वेगळे दर ठरवावेत, असे त्याच्या परिशिष्टांत व मार्गदर्शक सूचनांत आले. कामावर पाणी पाजणे, मुले सांभाळणे, रोपांची निगा राखणे अशी कामेही सुचवली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. मात्र पूर्वी अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्र सोसत असे, तो आता महाराष्ट्रासारख्या राज्यांना ६० व ४० या प्रमाणात वाटून घ्यावा लागणार आहे. राज्याच्या तिजोरीवर भार पडला की सर्वात आधी कात्री कोणावर चालते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. ज्याला कामावर घेणे अधिक जिकिरीचे, तो पहिल्यांदा गळतो.

नोकऱ्यांतील आरक्षणाची कथा याहून उद्‌बोधक आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मतिमंदत्व हे अपंगत्व असल्याचे मान्य केले, आणि ३ टक्के आरक्षणही दिले. पण ते ३ टक्के अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यात एकेक टक्का वाटले गेले. मतिमंदांच्या वाट्याला शून्य आले. हा अन्याय दूर व्हायला २०१६ चा कायदा यावा लागला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. आरक्षण ४ टक्के झाले, आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांना मिळून देण्यात आला. लेखी परीक्षेची पायरी ओलांडून जागा मिळवायची असेल तर या पाचांत बौद्धिक अपंग सर्वात मागे राहणार हे उघड आहे. शिवाय शिपाई, माळी, सफाई अशी जी कामे तो करू शकला असता, ती कंत्राटदारांकडे गेली. आरक्षणाचा दरवाजा उघडला तेव्हा आतली खोलीच भाड्याने दिली गेली होती.

तथापि याच कायद्यात कार्यकर्त्यांनी घट्ट धरून ठेवावीत अशी दोन कलमे आहेत. ३७ व्या कलमाप्रमाणे दारिद्र्यनिर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांत ५ टक्के वाटा अपंगांसाठी राखून ठेवावयाचा आहे आणि त्यात स्त्रियांना अग्रक्रम द्यावयाचा आहे. २४ व्या कलमाप्रमाणे सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारी रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावयास हवी.

अनुदानाचा हिशेब

आता पैशाकडे वळू. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये दरमहा २०० रुपयांनी सुरू झाली आणि २०१२ मध्ये ती रक्कम ३०० रुपये झाली. त्यानंतर केंद्राचा वाटा तेथेच थबकला. तोही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम १,५०० रुपये झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी २,५०० रुपये करण्यात आली. ही वाढ अपंगांच्या संघटनांच्या रेट्याशिवाय झाली नसती, आणि तिचे स्वागत केले पाहिजे. भाताच्या एका हंगामावर जगणाऱ्या घरात दरमहा २,५०० रुपये ही क्षुल्लक रक्कम नव्हे.

खरा पेच पुढेच आहे. या योजनेत अपंगाच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला ५० हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एका माणसाने १६० दिवस काम केले तर ४९,९२० रुपये होतात. १६१ व्या दिवशी तो कामावर गेला तर कुटुंब मर्यादेबाहेर जाते. आई आणि वडील दोघेही मजुरी करत असतील तर प्रत्येकाने ८० दिवसांनंतर हात बांधून बसायला हवे. म्हणजे सरकार एका हाताने वर्षाला १२५ दिवसांच्या कामाची हमी देते आणि दुसऱ्या हाताने सांगते की घरातल्या दोघांनी मन लावून काम केलेत तर मुलाचे अनुदान जाईल. असा नियम पाळणे अशक्य असते, म्हणून तो पाळला जात नाही. उत्पन्नाचा दाखला मर्यादेत बसवून घ्यावा लागतो, आणि ज्याला ते साधत नाही तो वंचित राहतो. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम गरिबाचे नव्हे, राज्याचे चारित्र्य बिघडवतो.

तुलनेसाठी दुसरी एक योजना घ्यावी. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. त्या योजनेला विरोध करण्याचे कारण नाही. घरकामात राबणाऱ्या स्त्रीच्या हाती रोख पैसा येणे चांगलेच. परंतु एकाच राज्यात, एकाच कोषागारातून, धडधाकट स्त्रीसाठी अडीच लाखांची मर्यादा आणि बौद्धिक अपंग प्रौढासाठी ५० हजारांची, हे कोणत्या न्यायाने? ज्याच्यामागे मतांची संख्या आहे त्याची मर्यादा उंच आणि ज्याच्या मताचा विचारच कोणी करत नाही त्याची ठेंगणी, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

वरच्या वर्गाला मिळणारे साहाय्य कसे असते? अपंग पाल्य असलेल्या करदात्याला जुन्या करपद्धतीत ७५ हजार रुपयांची, आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. ती मिळण्यासाठी कर भरण्याइतके उत्पन्न असावे लागते. सरकारी नोकराच्या मृत्यूनंतर त्याच्या बौद्धिक अपंग मुलाला विहित अटींवर आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. हे योग्यच आहे. पण आहुप्याच्या हिरडा गोळा करणाऱ्या बाईच्या मुलाला तिच्या पश्चात काय मिळते? अपंगत्व सर्व जातीवर्गांत सारखेच येते. त्याची शिक्षा मात्र वर्गावर्गाप्रमाणे बदलते.

म्हणून पहिली मागणी अशी असावयास हवी: अठरा वर्षे पूर्ण केलेला बौद्धिक अपंग हा स्वतंत्र नागरिक आहे. त्याच्या अनुदानाची पात्रता त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावरून ठरावी, आईबापांच्या किंवा भावाच्या उत्पन्नावरून नव्हे. आणि तो स्वतः काही कमावू लागला तर अनुदान एकदम तोडू नये. कमाई वाढेल तसे ते हळूहळू कमी व्हावे. काम केले म्हणून नुकसान होता कामा नये, हे तत्त्व साधे आहे.

मजुरी कोणी द्यायची?

येथे शेतकरी विचारतो, आणि त्याच्या प्रश्नात तथ्य आहे: निम्मे काम करणाऱ्याला पूर्ण मजुरी का द्यायची? कांद्याचा भाव कोसळला की ज्याचा स्वतःचाच रोज सुटत नाही, त्या लहान शेतकऱ्यावर दयाधर्माचा भार टाकणे न्याय्य नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने या प्रश्नाचे सोपे उत्तर दिले होते. त्याच्या २६ व्या कलमाने अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळण्याचा अधिकार सरकारला दिला होता. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही अशीच पळवाट होती. तो किमान वेतन कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या वेतनसंहितेत विलीन झाला. परंतु त्यामागची मनोवृत्ती विलीन झालेली नाही. अपंगाला थोडे कमी दिले तरी चालते, नाहीतरी त्याला काय करायचे आहेत पैसे, ही ती मनोवृत्ती.

समाजवादी उत्तर वेगळे आहे. मजुरीचे दोन भाग करावेत. जेवढे काम झाले तेवढ्याचे पैसे मालकाने द्यावेत. किमान मजुरीपर्यंतची तूट सार्वजनिक निधीतून भरावी. निम्मे काम होत असेल तर ३१२ रुपयांपैकी १५६ शेतकऱ्याचे आणि १५६ समाजाचे. वर्षात शंभर दिवसांचे काम धरले तर समाजाचा वाटा १५,६०० रुपये होतो. त्या बदल्यात एक माणूस उत्पादनात येतो, आणि त्याच्यासाठी घरी अडकलेली आई मजुरीला मोकळी होते. केवळ जमाखर्च पाहिला तरी हा व्यवहार तोट्याचा नाही. कारखानदारांना भांडवली अनुदाने देताना ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांनी श्रमाला अनुदान देताना तिजोरीचे रडगाणे गाऊ नये.

माथाडी मंडळाचा धडा

हे करायचे कोणी? एकेक शेतकरी आणि एकेक कुटुंब यांच्यावर सोडले तर ते कागदावर राहील. मालक अनेक, काम हंगामी, मजूर अडाणी आणि विस्कळीत. हीच स्थिती एके काळी बाजारातील हमालांची होती. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, आणि त्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्या कायद्याची युक्ती मोठी कल्पक आहे. हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. तो मंडळाकडे नोंदलेला असतो. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मजुरी मंडळामार्फत हमालाला मिळते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय होते. ज्याला मालक नाही त्यालाही सेवेचे संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवले.

हाच साचा बौद्धिक अपंग मजुरांना लावता येईल. तालुक्याला एक मंडळ असावे. त्यावर शेतकरी, पालक, अपंगांचे प्रतिनिधी आणि तहसीलदार असावेत. मजुरांची नोंद, त्यांच्या कामाचे प्रामाणिक मोजमाप, पगारी सोबती-शिक्षकांची नेमणूक, शेतकऱ्याकडून पैसे घेणे आणि ते मजुराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करणे ही कामे मंडळाने करावीत. खाते स्वतःच्या नावाचे, हा आग्रह महत्त्वाचा आहे. अन्यथा मुलाची मजुरी भावाच्या खिशात जाईल आणि फुकटच्या श्रमाला केवळ सरकारी शिक्का मिळेल. नारायणगाव आणि मंचर येथील बाजारपेठांत रोज जी उलाढाल होते, तिच्यातील अल्पसा उपकर या मंडळाला पुरेसा पाया देऊ शकेल.

सहकाराचीही येथे परीक्षा आहे. इटलीत १९७० च्या दशकात त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या माणसांनी सहकारी संस्था काढल्या. त्या चळवळीतून १९९१ चा ३८१ क्रमांकाचा कायदा झाला. अशा सामाजिक सहकारी संस्थेत किमान ३० टक्के कामगार अपंग अथवा समाजाने बाजूला टाकलेले असावे लागतात; त्या बदल्यात त्यांच्या सामाजिक विम्याचा भार शासन उचलते आणि सार्वजनिक कामे त्या संस्थांना देता येतात. सहकारी चळवळीची परंपरा पुणे जिल्ह्याला इटलीकडून शिकावी लागू नये. साखर कारखाने, दूध संस्था आणि बाजार समित्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभ्या राहिल्या. त्याच शेतकऱ्याच्या घरी असा एखादा मुलगा असतो, याची आठवण वार्षिक सभेत कोणीतरी करून द्यावयास हवी. पश्चिम भागात बाळहिरड्याची वाळवणी व निवड हे काम अशा संस्थेला सहज देता येईल.

आईबापांच्या पश्चात

“आमच्यामागे याचे कोण करणार?” हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या ओठावर असतो. बदलापूरची ‘आधार’, डोंबिवलीजवळचे ‘घरकुल’ या संस्था पालकांनी एकत्र येऊन उभारल्या आणि प्रौढांच्या आजन्म निवासाचा प्रश्न धसास लावला. ठाणे जिल्ह्यातील नोकरदार पालकांना जे साधले ते डोंगरातल्या मजुराला एकट्याच्या बळावर साधणार नाही. तेथे शासनाने उतरले पाहिजे, आणि उतरायचे कसे याचा एक कटू धडा याच जिल्ह्यात मिळाला आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबले. ज्या माणसाकडे केवळ सांभाळायचा देह म्हणून पाहिले जाते, त्याच्या देहावरही त्याचा हक्क उरत नाही. म्हणून मोठमोठे कोंडवाडे नकोत. गावाच्या वस्तीत, कामाच्या जवळ, पाच-सहा जणांची लहान घरे हवीत.

जमिनीचा मुद्दाही विसरता येणार नाही. पुणे-नाशिक रस्त्यालगत जमिनीला भाव आला, आणि सातबाऱ्यावरून अशा भावाबहिणीचे नाव उतरवण्याची घाई वाढली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे रोग किंवा व्यंग या कारणासाठी कोणाचाही वारसा नाकारता येत नाही. ज्याला कागदाचा अर्थ समजत नाही त्याच्या अंगठ्यावर हक्कसोडपत्र करून घेणे ही उघड लूट आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती ठेवली आहे आणि प्रौढ बौद्धिक अपंगाला पालक नेमून देण्याचा अधिकार तिला आहे. त्या समितीपर्यंत जुन्नर-आंबेगावातील किती अर्ज पोहोचतात, हे कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीत जाऊन विचारावे.

आता करायचे काय?

मोठ्या मागण्या पदरात पडण्यास वेळ लागतो. काही कामे मात्र येत्या महिन्यापासून सुरू करता येतील. पहिले काम, गावोगाव यादी करणे. त्या यादीत अपंगत्वाच्या टक्केवारीबरोबर तो माणूस दिवसभरात कोणकोणते काम किती तास करतो हेही लिहावे. दुसरे, प्रमाणपत्र. बुद्ध्यंकाच्या तपासणीसाठी पश्चिम भागातल्या कुटुंबाला एकामागून एक मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात. मानसशास्त्रज्ञासह तपासणीचे शिबिर घोडेगाव आणि जुन्नर येथे ठरावीक दिवशी भरले पाहिजे, असा आग्रह धरावा. तिसरे, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करावयाचे असतात. ते पैसे कोठे गेले हे ग्रामसभेत विचारावे, आणि एकदाच खुर्ची वा घोंगडी वाटून हिशेब मिटवण्याऐवजी त्यातून एका सोबती-शिक्षकाचे मानधन निघावे असा ठराव मांडावा. चौथे, उत्पन्नाची मर्यादा उठवण्यासाठी प्रत्येक ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांमार्फत शासनाकडे जावा. पाचवे, २०२७ ची जनगणना. प्रगणक दारी येईल तेव्हा अपंगत्व लपवू नये, आणि ‘काही करत नाही’ असेही सांगू नये. तो जे करतो ते सांगावे, हे घराघरांत पटवून द्यावे.

यादीचे काम प्रथम हाती घ्यावे. ज्या गावात दहा माणसे मिळून वर्षभरात हजारो तास राबतात आणि एक रुपया मिळवत नाहीत, त्या गावाचा आकडा एकदा लिहून काढला की त्यापुढे दयेची भाषा टिकत नाही. मग बोलणे थकलेल्या मजुरीचे होते, आणि थकलेली मजुरी मागायला चळवळीतल्या कार्यकर्त्याला कोणी शिकवावे लागत नाही.